घड्याळजींची काठी

थांबरावांचं खरं नाव त्यांच्या बायकोला माहीत होतं आणि बहुधा पोस्टमनला. बाकी सगळी गल्ली त्यांना थांबरावच म्हणायची, आणि ते नाव त्यांनी स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं. बिलियर्ड खेळायच्या काठ्या ते हाताने बनवत. काठी मागायला आलेला माणूस दारात नीट उभाही राहिलेला नसे, तोच ते "थांबा" म्हणत. म्हणजे दोन मिनिटं बसा, असं नाही, वर्षभर थांबा. कधी दोन वर्षं. कुणी फारच घाईत दिसला तर त्याला ते सरळ बाजारातल्या तयार काठीचा रस्ता दाखवत, आणि तो गेल्यावर बायकोला सांगत की हा माणूस भांडं शेगडीवर चढायच्या आधी ताट वाढा म्हणणाऱ्यांपैकी आहे.

दोष आपला नाही, लाकडाचा आहे, असं त्यांचं म्हणणं. मेपलच्या फळ्या आल्या की त्यांचे चौकोनी दांडके पाडायचे. दांडक्यांच्या दोन्ही टोकांना मेण फासायचं, कारण आतलं पाणी टोकांकडून घाईने पळालं तर लाकडाला चीर पडते. मग ते एकावर एक रचायचे, मधे बारीक पट्ट्या घालून, म्हणजे चारही बाजूंनी वारा खेळतो. असे ते बरेच महिने पडून राहिले की एकेकाला लेथवर चढवून गोल करायचं, पण अंगाने भरलेलंच ठेवायचं, आणि दोऱ्याने छताला उभं टांगायचं. काही महिन्यांनी खाली काढून काचेवर लोळवायचं. सरळ लोळलं तर केसाएवढा थर उतरवायचा आणि पुन्हा टांगायचं. थर निघाला की लाकूड दचकतं, असं थांबराव म्हणत. त्याला पुन्हा स्वस्थ व्हायला सवड द्यावी लागते. काही लाकडं दचकतात ती वाकतात, आणि वाकली की बाद.

बाद काठ्या फेकून द्यायला त्यांचं मन होत नसे, म्हणून त्या घरात शिरत. पडद्याचे दांडे, टॉवेलची काठी, झाडूचा दांडा, कुंडीतल्या वेलाचा टेकू, सगळं एकेकाळी बिलियर्ड खेळायला निघालेलं. त्यामुळे त्या घरातले पडदे आपोआप एका बाजूला घसरून गोळा होत. माझ्या संसारात सरळ म्हणून काही आलंच नाही, असं बायको म्हणायची, आणि ते म्हणताना पडद्याकडे न बघता नवऱ्याकडे बघायची.

घरातली सगळ्यात चांगली खोली अर्थातच लाकडाला दिलेली होती. चांगली म्हणजे अगदी आतली, जिला बाहेरची भिंत नाही, खिडकी नाही, ऊन नाही, ओल नाही, बारा महिने एकसारखी हवा. नवराबायको झोपत पुढच्या खोलीत, जिथे दुपारी भट्टी पेटायची आणि पहाटे दात वाजायचे. आतल्या खोलीच्या आसपास ओले कपडे वाळत घालायचे नाहीत, स्वयंपाकघरात पाणी उकळत असलं तर मधलं दार लावून घ्यायचं, असे कायदे होते. एकदा मेव्हणा पावसात नखशिखांत भिजून आला. थांबरावांनी त्याला अंग पुसायला दोन टॉवेल दिले, कोरडे कपडे दिले, आणि तरीही लांब जिन्याजवळ बसवलं. मेव्हण्याने ते मनाला लावून घेतलं. राग तुझ्यावर नाही रे, तुझ्या ओलाव्यावर आहे, अशी बहिणीने त्याची समजूत काढली, पण पुढची दोन वर्षं तो फिरकला नाही.

त्या खोलीच्या भिंतीवर हवेतला ओलावा दाखवणारं एक गोल यंत्र होतं. एका वर्षी त्याचा काटा अडकला आणि थांबरावांची पाचावर धारण बसली. यंत्र छातीशी धरून ते चौकातल्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. तेच घड्याळजी. त्यांच्या दुकानात भिंतभर घड्याळं होती आणि प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवत होतं. थांबरावांनी कारण विचारलं, तर घड्याळजी म्हणाले की दुरुस्त झालेली घड्याळं लोक घेऊन जातात. भिंतीवर राहतात ती अजून व्हायची आहेत. हे उत्तर थांबरावांना इतकं पटलं की त्यांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. बोलता बोलता कळलं की घड्याळजी संध्याकाळी क्लबात बिलियर्ड खेळतात आणि बरे खेळतात. मग यंत्राच्या दुरुस्तीच्या बदल्यात त्यांच्यासाठी एक काठी करायची, असं ठरलं.

घड्याळजी लाकूड निवडायला आले तेव्हा त्यांनी डोळ्याला भिंग लावून एकूण एक दांडका तपासला. शेवटी एक उचलला, ज्याच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न भरकटता गेल्या होत्या आणि वरच्या अंगाला एक काळसर तीळ होता. तिळामुळे काठी गर्दीतही ओळखता येईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. थांबरावांनी दांडका हातात तोलला, बोटाच्या पेराने वाजवून कानाशी धरला आणि मान डोलावली. असं लाकूड त्यांच्या हातात वर्षानुवर्षांत एखादंच यायचं, आणि ते एका नवख्या माणसाने उचललं याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

दर बुधवारी घड्याळजींचं दुकान बंद असे. बुधवारी दुपारी चहाचं आधण उकळायला आणि घड्याळजी जिना चढायला एकच गाठ पडायची. काठी कुठवर आली, हे ते बसायच्या आधी विचारत. नुसतं "मुरतेय" म्हणून चहाचा कप पुढे करणं थांबरावांना प्रशस्त वाटेना. माणूस एवढा जिना चढून येतो, त्याला काहीतरी घडताना दिसायला हवं. म्हणून ते काठी दोऱ्यावरून काढत, काचेवर लोळवून दाखवत, लेथवर चढवत आणि एक झुळझुळीत ढलपी काढत. ढलपी घड्याळजी तळहातावर घेत, भिंगातून बघत आणि समाधान पावत. मग काठी पुन्हा वर जाई आणि दोघे चहाला बसत.

पहिली काही वर्षं यात गैर काहीच नव्हतं, कारण काठीला खरोखरच बारीक व्हायचं होतं. पण कुठलीही काठी बारीक होत होत एक दिवस बेतात बसते. त्या दिवशी हातातलं हत्यार खाली ठेवून तिच्या टोकाला पितळी कडं आणि चेंडूला लागणारी चामड्याची टिक्की बसवायची असते. तो दिवस या काठीच्या आयुष्यात नक्की आला असणार. थांबरावांना तो दिसला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक लाकूड मापून घेतलं, त्याने या एकाच काठीला जाडी मोजायचं कॅलिपर लावायचं सोडून दिलं, आणि सोडून दिलं हे त्याच्या लक्षातही आलं नाही. आता तर मी नुसता घासायचा कागद फिरवतो, कागदाने असं काय झिजतंय, असं ते मनाशी म्हणत. आणि बुधवारमागून बुधवार कागद फिरत राहिला.

मधल्या काळात घड्याळजींची बायको गेली. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी स्थायिक झाला. लोकांनी मनगटावर घड्याळं बांधायची सोडली आणि दुकानाचं दार कायमचं बंद झालं. आता घड्याळजींना सगळेच वार बुधवारसारखे होते, तरी ते यायचे बुधवारीच. क्लबात जाणंही कमी झालं होतं. काठीची चौकशी मात्र चुकली नाही.

अशातच एका सोमवारी थांबरावांच्या दारात एक चाळिशीचा, टापटीप कपड्यातला माणूस उभा राहिला. थांबरावांच्या तोंडून सवयीने "थांबा" निघून गेलं. तो म्हणाला, "काका, मी घड्याळजींचा मुलगा. थांबतोच आहे. तीन वर्षं झाली."

बायकोने त्याला आत बोलावलं, पाणी दिलं. मुलगा भला होता. आवाज न चढवता, शब्द जपून वापरत त्याने सगळं सांगितलं. घर घेतलं तेव्हाच त्याने वडिलांसाठी तळमजल्यावर एक खोली करून ठेवली होती, बागेकडे उघडणारी. बाबांना चला म्हटलं की बाबा म्हणत, माझी काठी होतेय, झाली की येतो. आधी वाटलं, सबब आहे. मग वाटलं, असेल बुवा, कारागीर माणसाला वेळ लागतो. पण मागच्या महिन्यात बाबा न्हाणीघरात पडले. शेजारणीला दुपारी शंका आली म्हणून तिने दार उघडवलं, तोपर्यंत ते तिथेच फरशीवर पडून होते. त्याआधी एकदा शेगडी पेटती ठेवून झोपले होते. आता त्याला रात्ररात्र झोप लागत नाही. तेव्हा काठीला अजून किती वेळ आहे एवढंच काकांनी सांगावं, म्हणजे त्याला वडिलांशी बोलता येईल.

थांबरावांना एक बुधवार आठवला. मागच्या महिन्यात घड्याळजींच्या कपाळावर खोक दिसली होती. विचारल्यावर ते म्हणाले होते, कपाटाचं दार लागलं. थांबरावांनी कपाटाच्या बिजागरीवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं होतं आणि घड्याळजींनी ते मान हलवत ऐकून घेतलं होतं. ते आठवून आता त्यांना आपलीच शरम वाटली.

"येत्या रविवारी या," ते म्हणाले. "काठी तयार असेल."

स्वयंपाकघरात बायकोच्या हातून झाकण पडलं. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने कुणाला तारीख दिलेली तिने ऐकली नव्हती. लग्नालासुद्धा तो 'बघू' म्हणून बसला होता आणि तारीख शेवटी तिच्या वडिलांनी काढली होती.

मुलगा गेल्यावर थांबरावांनी काठी खाली काढली. लेथजवळच्या दिव्याखाली धरली आणि कितीतरी वर्षांनी तिला कॅलिपर लावलं. मग कॅलिपर झटकलं, पुसलं, पुन्हा लावलं. दुसऱ्या एका काठीला लावून बघितलं, तर तिचं माप बरोबर आलं. म्हणजे कॅलिपरला नावं ठेवायचीही सोय राहिली नाही. घड्याळजींची काठी कधीच बेताच्या खाली गेली होती. टोकाला धरून हलकेच हलवली तर ती मासे पकडायच्या गळाच्या काठीसारखी थरथरत होती. तिने जोरात चेंडू मारला असता तर चेंडू जागचा हलला नसता, काठीच वाकली असती. सरळ मात्र अशी, की थांबरावांच्या हातून तितकी सरळ काठी दुसरी झाली नव्हती.

ते स्टुलावर बसले. बायको दारात येऊन उभी राहिली. एवढं लाकूड गेलं कुठे, असं ते स्वतःशीच पुटपुटले.

"दर बुधवारी मी इथली फरशी झाडते," ती म्हणाली. "तो भुसा काय आभाळातून पडत होता?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघं इतके खुशीत असायचात," ती म्हणाली, आणि झाडू घेऊन आत गेली.

सोमवार ते बुधवार थांबरावांनी काढले ते एखाद्या चोराने काढावेत तसे. दुसरी एखादी काठी पुढे करावी का? टांगलेल्यांत दोन-चार चांगल्या होत्याच. पण तो तीळ कुठून आणायचा? रंगाचा ठिपका लावून बघावा असंही एकदा मनात आलं, आणि ज्या माणसाने भिंगातून घड्याळाच्या पोटातली धूळ वेचली त्याच्यापुढे आपण रंगाचा ठिपका ठेवणार, या कल्पनेने त्यांना एकट्यालाच हसू फुटलं. मग दुसरा विचार आला, आणि तो काही हसण्यासारखा नव्हता. लाकडाला ऐनवेळी चीर पडली, असं मुलाला सांगायचं. नव्या दांडक्यापासून सुरुवात करावी लागेल, लाकूड आहे, इलाज नाही. मुलगा सज्जन आहे, मान खाली घालून जाईल. आणि बुधवार चालू राहतील. हे सगळं त्यांनी मनात इतकं घोळवलं की शब्दसुद्धा जुळवून ठेवले.

बुधवारी घड्याळजी आले. जिना चढायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला आणि मधे दोनदा पावलं थांबली. थांबराव वर उभे राहून ती पावलं ऐकत होते. हे थांबणं आजचं नव्हतं. कित्येक महिने ते असंच होत होतं आणि आपण चहाच्या गडबडीत कानाडोळा करत होतो, हे त्यांना तिथे उभं राहिल्यावर कळलं. घड्याळजी आत आले, खुर्चीत टेकले आणि काठी कुठवर आली म्हणून विचारलं. थांबरावांनी काठी आणि कॅलिपर दोन्ही त्यांच्यासमोर ठेवली.

घड्याळजींनी कॅलिपरकडे बघितलंसुद्धा नाही. काठी उचलून त्यांनी डोळ्यासमोर आडवी धरली, एका टोकातून दुसऱ्या टोकाकडे नजर टाकली आणि परत खाली ठेवली. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की ती बारीक झाल्याचं त्यांना केव्हापासून दिसतंय. जन्मभर केसाएवढ्या स्प्रिंगा जोडल्या, एवढं तर दिसणारच.

"मग मला थांबवलं का नाहीस?"

"मी 'पुरे' म्हटलं असतं, तर तू तिला टिक्की लावून माझ्या हातात दिली असतीस," घड्याळजी म्हणाले. "मग मी कशाला आलो असतो?"

आणि घड्याळजी एकदम तरतरीत झाले. झालं ते उत्तमच झालं, असं त्यांनी सुरू केलं. ही काठी गेली, तर आता नवीन दांडका घ्यायचा, अगदी पहिल्यापासून, मेण फासण्यापासून. पोराला तसं कळवून टाकू. लाकडापुढे कुणाचं काय चालतं? बोलत बोलत ते उठून आतल्या खोलीत गेलेसुद्धा आणि रचलेल्या दांडक्यांवर खिशातलं भिंग फिरवू लागले. थांबराव त्यांच्या मागे गेले. तीन दिवस मनात घोटलेले शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना किती बरं वाटत होतं. हातही पुढे झाला, एक चांगला दांडका त्यांनी ओढून अर्धा बाहेर काढलाही. त्याच वेळी घड्याळजी वरच्या थराकडे बघायला मान उंचावू गेले, त्यांचा तोल गेला आणि त्यांनी मांडणीची कड घट्ट पकडली. क्षणभरच. लगेच त्यांनी हात असा काढून घेतला, जणू तिथे धूळ आहे का बघत होते.

थांबरावांनी दांडका परत आत सरकवला.

"तुझा मुलगा येऊन गेला सोमवारी," ते म्हणाले. "कपाट लागलं नव्हतं तुला."

घड्याळजींनी भिंग खिशात ठेवलं. मग ते चिडले. पोरानं इथवर चहाडी करायचं काही कारण नव्हतं, असं ते म्हणाले. माणूस म्हटला की पडतो, लहानपणीही पडलोच होतो. त्या गावात आपलं आहे कोण? मुलगा-सून दिवसभर बाहेर, आणि बागेकडे उघडणाऱ्या खोलीत बसून फुलं मोजायची का? "तुला बोलायला काय जातं," ते शेवटी म्हणाले. "तुझ्या घरात हाक मारली तर ओ द्यायला माणूस आहे."

"म्हणूनच सांगतोय, जा." थांबराव म्हणाले. "तू जावंस असं मला वाटत नाही. अजिबात वाटत नाही. तू गेलास की बुधवारचं काय करायचं, मला माहीत नाही. पण तू फरशीवर पडला होतास आणि मी इथे बिजागरीच्या गप्पा मारत बसलो. ते मला परत व्हायला नको आहे."

पलीकडे बायकोने चहा कपात ओतलेला ऐकू आला, पण ती तो घेऊन आली नाही. घड्याळजी एका रचलेल्या ढिगावर बसले. खरं तर त्या ढिगावर कुणी बसलेलं थांबरावांना चालत नसे. आज ते स्वतःही शेजारी टेकले.

शेवटी घड्याळजींनी विचारलं, "मग मुलाला काय सांगू? मी त्याला शब्द दिलाय. काठी झाली की येतो म्हटलंय. काठी न घेता गेलो तर तो म्हणेल, म्हाताऱ्याला उचलून आणलं."

"होईल काठी," थांबराव म्हणाले.

आणि त्यांनी ती केली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार ते लेथवरून उठले नाहीत. ज्या काठीने कधीही कुठल्या टेबलावर खेळ होणार नव्हता, तिच्यासाठी त्यांनी आबनुसाच्या काळ्या लाकडाचा असा एक तुकडा काढला जो ते एका नामांकित खेळाडूला देतो देतो म्हणून देत नव्हते. त्याची मूठ केली. जोड असा बसवला की नख फिरवलं तरी अडकू नये. नेहमीचं पितळी कडं तिला सैल होत होतं म्हणून पितळ कापून मुद्दाम लहान कडं घडवलं, आणि टिक्कीही कातरून बोटाच्या नखाएवढी केली. शेवटी तेल लावून फडक्याने घासताना तो तीळ असा उठून आला की बायकोही बघायला थांबली. एवढी मेहनत माझ्या पडद्यांच्या दांड्यांवर घेतली असती तर, असं काहीतरी तिच्या ओठावर आलं असावं, पण ती म्हणाली, छान झालीये.

रविवारी सकाळी मुलगा गाडी घेऊन आला. घड्याळजींचं सामान म्हणजे दोन पेट्या आणि एक खोकं, ज्यात त्यांची बारीक हत्यारं होती. घड्याळजी गाडीपाशीच थांबले, म्हणून थांबरावांना खाली उतरावं लागलं. त्यांनी काठी दोन्ही हातांवर आडवी धरून आणली. घड्याळजींनी ती घेतली, गाडीच्या टपावर ठेवली आणि बोटाने हलकेच लोटली. ती टपावरून अशी लोळत गेली की जराही उसळली नाही. मुलाने पुढे होऊन पकडली.

"सरळ आहे," घड्याळजी म्हणाले.

"सरळ आहे," थांबराव म्हणाले.

दोघांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मुलाने काठी हातात घेऊन निरखली. त्याला बिलियर्डमधलं ओ की ठो कळत नव्हतं. किती नाजूक काम आहे, बाजारातल्या काठ्या केवढ्या जाडजूड असतात, असं तो म्हणाला. घड्याळजींना खोकला आला. थांबरावांनी घाईघाईने सांगितलं की हे खास माप आहे, सगळ्यांच्या हाताला जमत नाही. वहिनी, येतो, असं घड्याळजींनी वर खिडकीकडे बघून म्हटलं. थांबरावांना ते काहीच म्हणाले नाहीत. गाडीत बसले, काठी मांडीवर घेतली आणि समोर बघत राहिले.

मुलगा वळून परत आला. त्याने थांबरावांचा हात दोन्ही हातांत धरला. "काका, तुम्हाला खूप त्रास दिला. लोक सांगत होते, तुम्ही कुणासाठी घाई करत नाही. आमच्यासाठी घाई केलीत. फार उपकार झाले."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी थांबरावांचे घाई केल्याबद्दल आभार मानत होतं. त्यांनी नुसती मान हलवली. गाडी निघाली, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी वळली आणि दिसेनाशी झाली. थांबराव तिथेच उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांची त्यांना पर्वा नव्हती.

बायको जिना उतरून खाली आली. तिने त्यांच्या खांद्यावरचा लाकडाचा भुसा झटकला. चला आत, म्हणाली. मग जराशाने, अगदी सहज विचारावं तसं तिने विचारलं, "आपण कधी जायचं त्यांना भेटायला?"

"उद्या."

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. "अहो, त्यांची गाडी अजून गावाच्या बाहेर पडली नसेल."

"पडू दे," थांबराव म्हणाले. "सकाळची पहिली बस कितीला आहे, ते बघ."